चेंडू डोक्यावरून जातो, सर

रत्नागिरीत फुटबॉल बघणारी माणसं थोडी. आमच्याकडे कबड्डी आहे, टेनिस बॉलचं क्रिकेट आहे, शिमग्याला पालखी आहे. तरी २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफसी गोवा नावाचा संघ आमच्याच रेल्वेमार्गावर, चार तासांच्या अंतरावर उभा राहिला, तेव्हा आम्ही पाच जण त्याचे झालो. मी शाळेत खेळ शिकवतो. बाकीच्यांत एक बँकेतला, एक आंबा बागायतदार, एक रिक्षावाला आणि एक मिरकरवाड्याचा तांडेल. सामना झाला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मारुती मंदिरापाशी चहा होतो आणि वाद दरवेळी एकच: प्रशिक्षकाला जोखायचं कशावर, निकालावर की खेळावर? शक्ती-तुऱ्याच्या बारीत दोन पक्ष समोरासमोर उभे राहून रात्रभर सवाल-जवाब करतात, तसं आमचं चालतं. तांडेल निकालाच्या बाजूचा, मी खेळाच्या. या वादातून जे हाती लागलं ते लिहून ठेवतो आहे. काही बोल एकमेकांना छेद देतात. ते तसेच ठेवले आहेत.

१. सुंदर खेळून हरलेला सामना पिच्छा सोडत नाही.

२० डिसेंबर २०१५. फातोर्ड्याला अंतिम सामना, गोवा विरुद्ध चेन्नईयिन. आम्ही पाचही जण जनशताब्दीनं दुपारीच मडगावात उतरलो होतो. गोव्याचा प्रशिक्षक झिको. होय, तोच झिको, १९८२ च्या ब्राझील संघातला. त्या संघाला बार्सिलोनात इटलीविरुद्ध नुसती बरोबरी पुरणार होती. सामना २-२ असा बरोबरीत आणल्यावरही ते पुढेच जात राहिले आणि ३-२ असे हरले. प्रशिक्षक तेले सांताना यांचा तो संघ आजही लोक आठवतात.

तेहेतीस वर्षांनी फातोर्ड्यात तसंच काहीसं आमच्या डोळ्यांसमोर घडलं. महिनाभर आधी याच गोव्यानं मुंबई सिटीला ७-० असं धुतलं होतं, दुदू आणि हाओकिप दोघांनीही हॅटट्रिक केली होती. अंतिम सामन्यात ८७ व्या मिनिटाला जोफ्रेनं गोल केला, २-१. सगळं स्टेडियम उभं राहिलं, मी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. ९० व्या मिनिटाला आमच्या गोलरक्षकाच्या हातून स्वयंगोल झाला आणि भरपाईच्या वेळेत चेन्नईयिनच्या मेंडोझानं तिसरा मारला. तीन मिनिटांपूर्वी आमचा असलेला करंडक गेला.

रात्र मडगाव स्टेशनावर काढली आणि सकाळी मांडवीनं परत निघालो. तांडेल कणकवलीपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, "मास्तर, दोन-एक झाल्यावर सगळ्यांना मागे का नाही बोलावलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. सुंदर खेळाची बाजू घेणाऱ्यानं हा प्रश्न टाळू नये, एवढं त्या गाडीत मला कळलं.

२. निकालवाल्याला खेळ कळत नाही असं समजू नये.

हे कळायला मला फार वेळ लागला. २०१४ च्या पहिल्याच हंगामात कोलकात्याचा प्रशिक्षक होता आंतोनियो लोपेझ हाबास. त्याच्या संघानं साखळीत १४ पैकी फक्त ४ सामने जिंकले, ७ बरोबरीत सोडवले. उपांत्य फेरीत गाठ झिकोच्या गोव्याशी. कोलकात्यात ०-०, फातोर्ड्यात ०-०, आणि पेनल्टींवर ४-२ नं आम्ही बाहेर. पुढे अंतिम सामन्यात भरपाईच्या वेळेत एकच गोल करून त्यांनी करंडकही नेला. मी चिडून म्हणालो, हा फुटबॉल नव्हे. तांडेलानं मला थांबवलं. म्हणाला, "तुम्ही चेंडू बघताय. मी त्यांची मागची रांग बघत होतो. एक डावीकडे सरकला की बाकीचे तिघं त्याच क्षणी सरकतात. बोटीवर जाळं ओढताना सगळ्यांचे हात एका वेळी पडायला लागतात, तसं. एकाचा हात चुकला तर दोरी सगळ्यांच्या तळव्याची सालटं काढते."

त्या दिवसापासून मी ०-० चे सामने वेगळ्या नजरेनं बघतो. दोनशे दहा मिनिटं झिकोच्या माणसांना गोल करू न देणं ही कारागिरी होती. मला ती आवडत नाही, ती गोष्ट निराळी.

३. मैदान बघून बोलावं.

हा माझ्या चुकीचा अनुभव आहे आणि यावर मी सगळ्यात जास्त विचार केलेला आहे.

शाळेच्या मुलांना सुब्रतो कपच्या जिल्हा फेरीसाठी तयार करत होतो. टीव्हीवर तेव्हा गोव्याचा खेळ भरात होता. मी मुलांना सांगितलं, गोलरक्षकापासून छोटे पास देत यायचं, चेंडू उगाच उचलायचा नाही. सामने ऐन पावसाळ्यात. आमच्याकडचं जुलैतलं मैदान म्हणजे जांभ्याची लाल माती, मध्ये तळी साचलेली, कडेला शेवाळ. आमच्या गोलरक्षकानं बॅककडे दिलेला पहिलाच पास चार पावलांवर पाण्यात थांबला आणि समोरच्या मुलानं सहज गोल केला. मुलं माझ्याकडे बघू लागली. मी ओरडलो, "पास करत राहा!" चार-शून्य हरलो. मुलांनी माझा शब्द शेवटपर्यंत पाळला, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी मी उलट टोकाला गेलो. एक उंच, दणकट मुलगा पुढे ठेवला आणि बाकीच्यांना सांगितलं, चेंडू मिळाला की त्याच्याकडे लांब मारा. दोन सामने १-० नं जिंकलो. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी नाव घेतलं, पालकांनी वडापाव वाटले. तेव्हा आमच्या संघात मधल्या फळीत एक मुलगा होता, राजिवड्याकडचा, बारीक अंगाचा. चेंडू पायाशी आला की मान वर करून आधी सगळं मैदान बघायचा, मग पास द्यायचा. तसा मुलगा मला पंचवीस वर्षांत दुसरा मिळालेला नाही. दुसऱ्या विजयानंतर तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, चेंडू माझ्या डोक्यावरून जातो. मी नुसता वर बघत पळतो." मी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली, म्हणालो, जिंकतोय ना आपण? पुढच्या आठवड्यात तो सरावाला आला नाही. नंतर कबड्डीच्या संघात दिसला.

पहिल्या वर्षी मी गोव्याचं हिरवं मैदान कोकणाच्या चिखलावर आणायला गेलो. दुसऱ्या वर्षी फळ्यावरचा आकडा बघितला आणि मुलाकडे बघायचं राहिलं. तिसऱ्या वर्षीपासून सराव भाट्याच्या किनाऱ्यावर, ओहोटीला. ओली वाळू कडक असते, चेंडू सरळ जातो, मुलांना पायाशी चेंडू ठेवण्याचा विश्वास येतो. पावसातल्या सामन्यात तळ्यांवरून चेंडू उचलावाच लागतो, पण तो उचलण्याआधी मधल्या फळीच्या पायाला लागलाच पाहिजे, हा आमचा नियम. निकाल म्हणाल तर बेताचेच लागले. फुटबॉल सोडून गेलेलं मूल मात्र त्यानंतर एकही नाही.

४. खेळाच्या नियमांनीही या वादात बाजू घेतलेली आहे.

आमचा बँकेतला मित्र म्हणायचा, प्रेक्षकांची करमणूक हा खेळाबाहेरचा विषय. मी त्याला १९९० चा विश्वचषक सांगतो. इटलीतल्या त्या स्पर्धेत सामन्यामागे सरासरी २.२१ गोल झाले, विश्वचषकातला तो नीचांक. आघाडी घेतली की बचावपटूनं चेंडू मागे गोलरक्षकाला द्यायचा, त्यानं हातात धरून बसायचं, वेळ काढायचा. १९९२ मध्ये नियम बदलला, सहकाऱ्यानं पायानं मागे दिलेला चेंडू गोलरक्षकानं हातात घ्यायचा नाही. १९९४ च्या विश्वचषकात विजयाला दोनाऐवजी तीन गुण आले.

आणि कबड्डी तर आपल्या घरची. चढाईला जायचं, रेषेपाशी घुटमळायचं आणि रिकामं परत यायचं, हे आम्ही मातीवर कितीदा पाहिलंय. प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवायचा, नाहीतर बाद व्हायचं. बघणाऱ्याचा हक्क नियमात बसला तो असा. प्रशिक्षकानं नियमाच्या आत राहून कसंही जिंकावं हे मला मान्य आहे, पण नियम करणारेसुद्धा आमच्याच बाजूचे आहेत, हे तांडेलाला मी अजून सुनावतो.

५. पेरणाऱ्याचं आणि कापणाऱ्याचं नाव एकच असेल असं नाही.

सर्जिओ लोबेरा २०१७ मध्ये प्रशिक्षक म्हणून गोव्यात आला. पहिल्या हंगामात साखळीच्या १८ सामन्यांत ४२ गोल, त्यांतले १८ एकट्या आघाडीवीर कोरोचे. पण २८ गोल खाल्लेही. तांडेल म्हणायचा, बोटीला भोक आहे आणि तुम्ही शीड किती छान म्हणून बघताय. दुसऱ्या वर्षी खाल्लेले गोल २० वर आले. मंदार राव देसाई हा मूळचा विंगर, त्याला लोबेरानं मागे डाव्या बॅकला आणलं, आणि तो तिथूनही धावत पुढे जायचा. ब्रँडन फर्नांडिसचा पास पडायचा तिथे कोरो आधीच पोचलेला असायचा. आम्ही ते बघण्यासाठी रजा टाकत होतो.

मग १७ मार्च २०१९. अंधेरीत बंगळुरूविरुद्ध अंतिम सामना. आमचा एक माणूस लाल कार्ड मिळून बाहेर गेला, जादा वेळ संपायला तीन मिनिटं राहिली आणि कॉर्नरवर राहुल भेकेनं डोक्यानं गोल केला. भेके मुंबईचा, म्हणजे आपला मुलगा, पण त्या रात्री कौतुक करवलं नाही. महिन्याभरात भुवनेश्वरला सुपर कप मिळाला, तरी बंगळुरूची सल गेली नाही.

पुढच्या हंगामात गोवा गुणतक्त्यात वरती होता आणि जानेवारी २०२० संपता संपता बातमी आली, लोबेराला निरोप. साखळीचे तीन सामने शिल्लक होते. सूत्रं आली क्लिफर्ड मिरांडाकडे, गोव्याच्याच मातीतल्या माणसाकडे. १९ फेब्रुवारीला जमशेदपूरला ५-० नं हरवून गोव्यानं साखळीची शील्ड जिंकली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत थेट जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. त्या हंगामात साखळीतले गोल ४६.

चहाला प्रश्न आला, हा निकाल कोणाच्या नावावर मांडायचा? लोबेराच्या म्हणावं तर तो घरी गेलेला. मिरांडाच्या म्हणावं तर संघ बांधलेला दुसऱ्यानं. बागायतदार एरवी कमी बोलतो. तो म्हणाला, "माझ्या आजोबांनी लावलेल्या कलमांचे आंबे मी विकतो. पावतीवर नाव माझं." त्यावर तांडेलसुद्धा काही बोलला नाही. निकाल मोजायचा तर किती काळाचा मोजायचा, हे आधी ठरवावं लागतं. एका हंगामाचा हिशेब मांडणाऱ्याला लोबेरा हरलेला दिसेल. तीन हंगामांचा मांडणाऱ्याला तसा दिसणार नाही.

६. आपण खेळाच्या बाजूचे आहोत, हे स्वतःलाही नीट तपासून बघावं.

लोबेरा पुढे मुंबई सिटीत गेला. जाहू, फाल, बुमूस, मंदार हे गोव्यातले गडी त्याच्याबरोबर आले. २०२०-२१ चा सगळा हंगाम कोविडमुळे गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. एकीकडे लोबेराची मुंबई, दुसरीकडे हाबासचा एटीके मोहन बागान. एक संघ चेंडू पायाशी ठेवून खेळणारा, दुसरा वाट बघून घाव घालणारा. साखळीच्या २० सामन्यांनंतर दोघांचे गुण सारखे, ४० आणि ४०. मुंबईचे गोल ३५, मोहन बागानचे २८. खाल्लेले, मुंबईनं १८, त्यांनी १५. आमचा सात वर्षांचा वाद कोणीतरी तराजूत घालून काटा मधोमध उभा केल्यासारखं वाटलं. आपसातले दोन्ही सामने मुंबईनं जिंकले होते म्हणून शील्ड मुंबईची.

१३ मार्च २०२१ ला अंतिम सामना, पुन्हा तेच दोघे, फातोर्ड्यातच. जिथे आम्ही रडलो होतो त्या खुर्च्या टीव्हीवर रिकाम्या दिसत होत्या. १-१ असताना ९० व्या मिनिटाला मोहन बागानचा गोलरक्षक पुढे धावून आला, चेंडू त्याच्या हाती लागला नाही, ओग्बेचेनं तो बिपिन सिंगकडे दिला आणि बिपिननं गोल केला. मी घरात एकटाच ओरडलो. लगेच तांडेलाला फोन लावला, म्हटलं, बघा, सुंदर खेळच जिंकला.

तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, हा गोल तुमच्या पासिंगचा नव्हता, त्यांच्या चुकीचा होता. आणि आज हरला असतात तर फोन केला असता का?"

त्याचं खरं होतं. माझ्या आवडीला दाखला म्हणून मलाही करंडकच हवा होता. दोन दिवस मी तो सामना पुन्हा पुन्हा आठवत होतो आणि लक्षात आलं की त्या रात्रीचा खेळ मला फारसा आठवतच नाही, फक्त बिपिनचा गोल आठवतो. उलट २०१९ मधला, आम्ही गमावलेला हंगाम मला पासागणिक आठवतो.

७. "खेळ बदलतोय, थांबा" हे उत्तर किती काळ ऐकून घ्यायचं, याचीही मुदत ठरवावी.

स्टीफन कॉन्स्टंटाइनचा भारतीय संघ सरळ, लांब चेंडूचा खेळ करायचा. नाकं मुरडणाऱ्यांत मी पुढे होतो. पण त्याच संघानं जानेवारी २०१९ मध्ये आशियाई चषकात थायलंडला ४-१ हरवलं. बहारीनविरुद्ध भरपाईच्या वेळेतल्या पेनल्टीनं १-० असा पराभव झाला, बाद फेरी हुकली आणि कॉन्स्टंटाइननं राजीनामा दिला. मग इगोर स्टिमाच आले. पासिंगचा, आधुनिक खेळ आणायचा, असं ठरलं. मला आनंद झाला. मधे सॅफ स्पर्धा जिंकली, घरच्या मैदानावर चांगले दिवसही आले. पण जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया, तिन्ही सामने हरलो आणि एकही गोल झाला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्ताननंही हरवलं. जूनमध्ये स्टिमाच गेले.

लोबेराला वेळ द्या म्हणणारा मी, स्टिमाचना पाच वर्षं मिळाली यावर काय बोलणार? मला फरक एवढाच दिसतो की लोबेराच्या संघात दरवर्षी काहीतरी दुरुस्त झालेलं डोळ्यांना दिसत होतं. राष्ट्रीय संघात ते मला दिसेना. धीर धरायला माझी हरकत नाही, पण मधल्या काळात काहीतरी सरकलेलं दाखवता आलं पाहिजे.

८. हा वाद जिथे सगळ्यात खरा आहे तिथे जाऊन बघावं.

आंबा घाट चढून आम्ही एकदा कोल्हापूरला गेलो, शाहू स्टेडियमवर. तिथे तालमींचे संघ खेळतात, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, आणि त्यांच्यामागे अख्खी पेठ असते. मला वाटलं होतं, इथे निकालाशिवाय कोणाला काही दिसत नसणार. पेठेची इज्जत पणाला असते, हरणं कोणालाच परवडत नाही. पण एका पोरानं दोघांना चकवून चेंडू काढला तेव्हा विरुद्ध बाजूच्या गर्दीतूनही शिट्टी आली. शेजारच्या आजोबांनी समोरच्या संघाला शिवी घातली आणि त्याच दमात त्या पोराचं नाव विचारलं. तांडेल माझ्याकडे बघत होता. परतताना घाटात तो म्हणाला, पुढच्या वर्षी परत येऊ.

९. परवाच्या शिमग्याचं सांगतो आणि थांबतो.

संध्याकाळी ओहोटी होती. भाट्याच्या वाळूवर पोरं खेळत होती, चपला ठेवून गोलपोस्ट केलेले. पोरांत एक मोठा, तिशीकडे झुकलेला माणूस होता, शिमग्याला मुंबईहून आलेला चाकरमानी. चेंडू पायाशी आला की तो मान वर करून आधी सगळं बघायचा. मी ओळखलं. त्यानंही मला ओळखलं, हात केला आणि खेळत राहिला. मी जवळ गेलो नाही. त्याच्याकडे चेंडू किती वेळा येतो ते किनाऱ्यावर बसून मोजत राहिलो.

तांडेल बंदरावरून येता येता माझ्याजवळ थांबला. उभ्यानंच विचारलं, "किती-किती झाले?"

मी म्हटलं, माहीत नाही. त्यानं पाण्याकाठी उभ्या एका पोराला विचारलं. पोर म्हणालं, "काका, मोजत नाय कोण."

तांडेल थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग चपला काढून माझ्या शेजारी बसला. पाणी गोलपोस्टच्या चपलांपर्यंत येईस्तोवर आम्ही दोघं तिथेच होतो.